खरखरणाऱ्या बटणाची बखर

श्रोतेहो, रेडिओचा कान पिळावा आणि गाण्याच्या आधी 'खर्रर्र' असा आवाज यावा, हा अनुभव आपल्यापैकी कोणाला नाही? मग बटण जरा मागे, जरा पुढे करायचे, पेटीला एखादी टिचकी मारायची आणि आवाज जिथे स्वच्छ लागेल तिथे अलगद हात काढून घ्यायचा. घरातल्या पोरांनाही ती जागा पाठ झालेली असते.

आज त्या खरखरीचा इतिहास सांगायचा आहे. त्यासाठी मी आपल्याला पार अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियापर्यंत नेणार आहे. कारण रेडिओच्या बटणाखाली दडलेला हा पुर्जा तिथल्या एका वाद्यात जाऊन बसला आणि पुढे त्या वाद्याच्या जन्मकाळाचा साक्षीदार ठरला. वाद्य म्हणजे विजेची बेस गिटार. पुर्जा म्हणजे पोटेन्शिओमीटर. तिकडचे कारागीर त्याला नुसते 'पॉट' म्हणतात, आपल्याकडचे रेडिओवाले 'व्हॉल्यूम कंट्रोल' म्हणतात. हा पुर्जा झिजतो, आणि झिजला की बदलावा लागतो. बदलल्यावर जुना कुठे जातो? बहुतेक वेळा केरात. आजचे सारे बोलणे त्या केराबद्दलच आहे असे समजा.

आधी नावाची गोष्ट. शिक्षकमंडळींना हे नाव नवे नाही. बारावीच्या प्रयोगशाळेत लाकडी फळीवर लांब तार ताणलेली असते, तिच्यावरून एक टोकदार पट्टी सरकवत दोन विद्युत्घटांची तुलना करतात. त्या फळीचे नाव पोटेन्शिओमीटर. ही युक्ती योहान पोगेनडॉर्फ ह्या जर्मन शास्त्रज्ञाने १८४१ साली मांडली. त्याच्या आधी १८२७ मध्ये ओम ह्याने विजेचा दाब, प्रवाह आणि रोध ह्यांचा संबंध सांगितला होता. त्यानंतर १८४३ मध्ये इंग्लंडच्या व्हीटस्टनने प्रवाह कमीजास्त करणाऱ्या उपकरणाला 'ऱ्हिओस्टॅट' असे नाव दिले. म्हणजे पोटेन्शिओमीटर हे मूळचे मोजायचे साधन. आज आपण त्याने काहीही मोजत नाही, फक्त आवाज लहानमोठा करतो. नाव मात्र जुनेच चिकटून राहिले. आपल्याकडे नाही का, देशमुखी जाऊन पिढ्या लोटल्या तरी आडनाव देशमुखच असते!

हे काम चालते कसे? ज्यांनी उसाला पाणी दिले आहे, रात्री दारे धरली आहेत, त्यांना लगेच कळेल. पाट वरून खाली वाहतो आहे असे धरा. वरच्या तोंडाशी पाण्याचा पूर्ण जोर, खाली ओढ्याला मिळताना जोर शून्य. आता ह्या पाटावर आपले दार पुढे-मागे सरकवता आले असते तर काय झाले असते? वरच्या अंगाला दार धरले की भरपूर पाणी, खाली धरले की थेंबही नाही. पॉटमध्ये नेमके हेच असते. घोड्याच्या नालासारखी वाकलेली कर्बाची एक पट्टी हा पाट. तिच्या एका टोकाला वाद्याकडून येणारी वीज, दुसरे टोक 'अर्थ'ला म्हणजे ओढ्याला. मध्ये बटणाबरोबर फिरणारी धातूची स्प्रिंगदार जीभ. हे सरकते दार. पॉटला तीन पाय दिसतात ते ह्याचसाठी: दोन पाटाच्या टोकांचे आणि एक जिभेचा.

पट्टी कर्बाची का, ह्यालाही इतिहास आहे. १९२० च्या दशकातल्या पुष्कळ बॅटरीच्या रेडिओंत आवाज कमी करायचा म्हणजे व्हॉल्व्हमधली तापणारी तारच मंद करीत. कंदिलाची वात खाली करावी तसा प्रकार! तिथे तारेचा ऱ्हिओस्टॅट चाले. पुढे आवाजाची क्षीण वीजच मधल्या मध्ये वाटून घ्यायची पद्धत आली. त्यासाठी लाखो ओम रोध हवा. एवढा रोध तारेने साधायचा तर अतिशय बारीक तार खूप लांबवर गुंडाळावी लागेल. त्याऐवजी राळेत कालवलेला कर्ब बाकेलाइटसारख्या कडक पुठ्ठ्यावर माखला की काम स्वस्तात होते. स्वस्ताई आली, रेडिओ घरोघर गेले, आणि त्याचबरोबर खरखरही घरोघर गेली. कारण माखलेली गोष्ट कधी ना कधी पुसली जाणारच.

आणखी एक बारकी गंमत इथे सांगून टाकतो, पुढे उपयोगी पडेल. आपल्या कानाचा हिशेब बेरजेचा नसतो, पटीचा असतो. एका ढोलाला दुसरा जोडला तर फरक कळतो, पण दहा ढोलांत अकरावा मिसळला तर कोणाला पत्ता लागत नाही. वेबर आणि फेशनर ह्या जर्मन संशोधकांनी एकोणिसाव्या शतकात ह्या गोष्टीचा अभ्यास केला. फेशनरचा ग्रंथ १८६० चा आहे. म्हणून आवाजाच्या पॉटमधली कर्बाची पट्टी सगळीकडे सारखी नसते. सुरुवातीला रोध हळूहळू बदलतो, शेवटी झपाट्याने. कानाला मात्र आवाज एकसारखा चढतो आहे असे वाटते.

आता गिटारकडे वळू. लिओ फेंडर हा माणूस १९०९ साली कॅलिफोर्नियात संत्र्यांच्या बागा असलेल्या मुलखात एका शेतकऱ्याच्या घरी जन्मला. लहानपणी दुखण्याने एक डोळा गेला. शिक्षण हिशेबनिसाचे, नाद रेडिओ खोलून पाहण्याचा. १९३० च्या दशकातल्या मंदीत नोकरी गेली, तेव्हा १९३८ साली सहाशे डॉलर उसने घेऊन त्याने फुलरटन गावात रेडिओदुरुस्तीचे दुकान थाटले. आपल्या तालुक्याच्या बाजारपेठेत बोळाच्या तोंडाशी असते ना, तसलेच हे दुकान. गावातले वादक त्याच्याकडे ध्वनिवर्धक दुरुस्तीला आणू लागले. त्यातून तो स्वतः ध्वनिवर्धक आणि गिटारी बनवू लागला, आणि १९४६ पासून त्याच्या स्वतःच्या नावाची कंपनी सुरू झाली. मौज अशी, की ह्या माणसाला गिटार वाजवता येत नसे. जन्मभर आली नाही.

त्या काळी वाद्यवृंदात खर्जाचा सूर धरायला माणसाएवढे उंच 'डबल बेस' वाद्य असे. मोटारीत बसवायचे तर पंचाईत, आणि ढोल-कर्ण्यांच्या गर्दीत त्याचा आवाज बुडून जाई. सिअ‍ॅटलच्या पॉल टटमार्कने १९३० च्या दशकातच हातात धरायची विजेची बेस बनवली होती, पण ती फारशी पसरली नाही. फेंडरने १९५१ मध्ये 'प्रिसिजन बेस' बाजारात आणली. चार तारा, गळ्यात अडकवायचा पट्टा, आणि मानेवर आडवे पडदे. पडद्यांमुळे सूर नेमका लागतो, म्हणून नाव 'प्रिसिजन', म्हणजे अचूक. तारांखाली लोहचुंबक आणि त्यांच्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार थरथरली की वेढ्यांत क्षीण वीज उपजते. ती ध्वनिवर्धकात जाऊन मोठी होते.

आणि मधे? मधे दोन बटणे. एक आवाजाचे, दुसरे सुराचा तीक्ष्णपणा कमी करायचे. दुसऱ्याला एक कंडेन्सर जोडलेला असतो, तो उंच सुरांना ओढ्याची वाट दाखवतो. फेंडर मूळचा रेडिओवाला. त्याने ह्या कामाला रेडिओच्या कपाटातलेच पॉट उचलले, अडीच लाख ओमचे. नवा पुर्जा घडवण्याच्या भानगडीत तो पडला नाही. १९६० मध्ये आलेल्या 'जाझ बेस'मध्ये त्याने एकावर एक रचलेले जोडपॉट वापरले. दोन वर्षांनी ते सोडून सरळ तीन बटणे केली. तेही साहित्य रेडिओच्याच दुनियेतले.

आपल्या गावांशी ह्याचा संबंध काय, असे कोणी विचारील. १९५६ साली तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पाच जिल्ह्यांत, दीडशे गावांत, पुणे केंद्राच्या कार्यक्रमांसाठी शेतकऱ्यांची श्रवणमंडळे भरवण्याचा मोठा प्रयोग झाला. चावडीत, शाळेत रेडिओभोवती माणसे बसत, ऐकत, नंतर चर्चा करीत. त्या रेडिओच्या बटणाखाली जी चीज होती, तिचीच सख्खी भावंडे त्याच सुमारास फुलरटनच्या कारखान्यात गिटारींत बसवली जात होती. पुढे ही बेस गिटार मुंबईच्या सिनेसंगीतातही आली. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस वाजवीत. तेव्हा वाद्य पाहिले नसेल, पण डग्ग्याच्या घुमाऱ्यासारखा तो खालचा सूर तुम्ही ऐकलेला नक्की आहे.

आता खरखरीचे मूळ. जीभ कर्बावरून हजारो वेळा घासत जाते. कर्बाची पूड सुटते. आत लावलेले ग्रीस वर्षांनी घट्ट होते, त्यात धूळ आणि घामाचा दमट अंश मिसळतो. मग जीभ क्षणभर कर्बावर, क्षणभर मळावर, क्षणभर अधांतरी! वीज तुटते-जुळते, आणि ध्वनिवर्धक इमानदारीने ते तुटणे-जुळणे मोठे करून ऐकवतो. ह्या झिजेतही वाजवणाऱ्याची सवय उमटते, बरं का. जो वादक आवाज नेहमी एकाच जागी ठेवतो, त्याच्या पॉटची पट्टी त्या जागेच्या आसपास जास्त खराब होते. ज्याने सुराचे बटण वर्षानुवर्षे हलवलेच नाही, त्याचा तो पॉट साठ वर्षांनीही जवळजवळ कोरा निघू शकतो. जोत्यावरच्या पायऱ्या मधोमध झिजलेल्या पाहून माणसे कुठून चालत हे कळते ना, तसेच हे.

इथवर झाली यंत्राची कथा. इतिहासाचे खरे काम सुरू होते ते पॉट उलटा केल्यावर. त्याच्या पत्र्याच्या टोपीवर किंवा कडेला काही आकडे ठोकलेले असतात. अमेरिकेतल्या रेडिओ-उद्योगाच्या संघटनेने पुर्जे बनवणाऱ्यांना क्रमांक दिले होते. पहिले तीन आकडे कारखान्याचे: १३७ म्हणजे सीटीएस, ही १८९६ साली 'शिकागो टेलिफोन सप्लाय' ह्या नावाने निघालेली कंपनी, ३०४ म्हणजे स्टॅकपोल. पुढचे आकडे वर्षाचे आणि शेवटचे दोन त्या वर्षातल्या आठवड्याचे. समजा १३७६६३२ असे दिसले, तर वाचायचे असे: सीटीएस, सन १९६६, आठवडा बत्तिसावा, म्हणजे ऑगस्टचा सुमार. त्याआधीच्या पुर्ज्यांवर वर्षाचा एकच आकडा असे, तेव्हा दशक कोणते ते इतर खुणांवरून ठरवावे लागते. कारखान्याने हे आकडे इतिहासासाठी ठोकले नव्हते. खराब माल कोणत्या आठवड्यातला हे कळावे, एवढाच हेतू. पण जुन्या गिटारींचा अभ्यास करणाऱ्यांना ह्या आकड्यांनी मोठाच आधार दिला.

शिक्षकहो, इथे मुलांना सांगण्यासारखी एक गोष्ट आहे. पॉटवर १९६६ आहे, म्हणून वाद्य १९६६ चे, असे म्हणता येईल का? नाही. एखाद्या विहिरीच्या पायाच्या दगडाखाली शिवराई सापडली, तर ती विहीर १६७४ च्या आधीची नाही एवढेच ठरते, कारण शिवराई राज्याभिषेकापासूनची. पण शिवराया पुढे दीडशे वर्षांहून अधिक काळ लोकांच्या कनवटीला होत्या. विहीर पेशवाईतलीही असेल, नंतरचीही असेल. पॉटचे तसेच. फेंडर कंपनी जानेवारी १९६५ मध्ये एक कोटी तीस लाख डॉलरना सीबीएस ह्या नभोवाणी कंपनीने विकत घेतली. (रेडिओवाल्याचे दुकान शेवटी रेडिओवाल्यांकडेच गेले!) नव्या मालकांच्या काळात १९६६ साली सीटीएसच्या पॉटचा एवढा साठा घेतला गेला, की १९६९ पर्यंतच्या वाद्यांतही १९६६ चेच पॉट सापडतात. तेव्हा पॉट सांगतो ते इतकेच: 'मी जन्मलो त्याच्या आधी हे वाद्य जोडले गेलेले नाही.' साक्षीदाराच्या तोंडी ह्याहून जास्त शब्द घालू नयेत.

म्हणून अभ्यासक एकाच साक्षीवर विसंबत नाहीत. मान उतरवून तिच्या टाचेवर पाहतात. १९५० च्या दशकात तिथे शिसपेन्सिलने तारीख लिहीत, १९६२ पासून शिक्का मारू लागले. काही मानांवर 'टीजी' अशी अक्षरे दिसतात. ती टेडिओ गोमेझ ह्या कारागिराची, तो माना घडवी. आणि १९५० च्या दशकातल्या कित्येक फेंडर गिटारींच्या पोटात चिकटपट्टीचा एक तुकडा असतो, त्यावर हाताने लिहिलेले नाव: मेरी, ग्लोरिया, व्हर्जिनिया. तारा जोडणाऱ्या, डाख देणाऱ्या बायकांची ही नावे. कंपनीच्या जाहिरातीत त्या नाहीत. त्यांच्यातल्या काहींची आडनावेही आज हाताशी नाहीत. ज्या हातांनी पॉट बसवले, त्या हातांची ओळख उरली आहे ती पॉटशेजारच्या कागदी पट्टीवर.

आता पेच लक्षात आला ना? पॉट खरखरतो, वादक वैतागतो, दुकानात नेतो. दुरुस्ती करणारा झाकण काढतो, जुने पॉट कापतो, आड येणारी पट्टी खरडतो, नवे बसवतो आणि तासाभरात स्वच्छ वाद्य हातात देतो. त्याच्या कामात खोट काढायला जागा नाही. पण त्या तासाभरात तारीख गेली, नाव गेले, आणि साठ वर्षांत कोणी न हलवलेला मूळचा डाखही गेला. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव पायपीट करून दप्तरे धुंडाळीत, तेव्हा कितीतरी घरांत कागद आधीच वाळवीने खाल्लेले नाहीतर बंबात गेलेले असत. घरच्या माणसांच्या मनात काही वाईट नसे. त्यांना ती अडगळ वाटे, इतकेच.

ह्याच्या उलट टोकालाही माणसे आहेत. जुने वाद्य जसेच्या तसे असेल तर त्याला भारी मोल येते. मग संग्राहक म्हणतो, खरखरले तरी खरखरू दे, झाकणाला हात लावू नका. वाद्य काचेच्या कपाटात जाते आणि मुके होते. आणखी एक वाईट प्रकार म्हणजे जुने तारखेचे पॉट सुटे विकले जातात, आणि कोणी लबाड ते नव्या वाद्यात घालून त्याला म्हातारे बनवतो. सनदेवर खोटा शिक्का मारण्यातलीच ही जात.

माझे मत विचाराल तर वाद्य वाजले पाहिजे. बेस गिटार हे कष्टकरी वाद्य आहे. डेट्रॉइटच्या मोटाऊन कंपनीच्या गाण्यांत जेम्स जेमर्सन ह्याने १९६२ च्या प्रिसिजन बेसवर जे वाजवले, त्याने पुढच्या पिढीला बेस वाजवायला शिकवले. एकाच बोटाने वाजवी, आणि तारा तुटल्याशिवाय बदलायच्या नाहीत असा बाणा. तारेवरचा मळ आवाजाला गोडी देतो, अशी त्याची समजूत. तारेच्या बाबतीत ते खरे असेलही. पॉटच्या बाबतीत नाही! ती बेस १९८३ मध्ये, त्याच्या मृत्यूच्या थोडे आधी चोरीला गेली आणि पुढे सापडली नाही. जॅको पास्टोरियसची पडदे काढून टाकलेली जाझ बेस १९८६ मध्ये चोरीस गेली होती, ती वीसेक वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये सापडली. तिचे तर एकदा तुकडे होऊन ते पुन्हा जोडलेले होते. दुरुस्तीचे व्रण हीसुद्धा तिची ओळखच. म्हणजे दुरुस्ती इतिहासाच्या आड येत नाही. न लिहून ठेवलेली दुरुस्ती मात्र येते.

तेव्हा पॉट बदलायचाच झाला तर कसा, ते थोडक्यात सांगतो. ज्यांच्या शाळेत मीटर आणि डाखणी आहे, त्यांना हे जमण्यासारखे आहे. रेडिओ असो, गिटार असो, रीत एकच. रेडिओ असेल तर मात्र आधी प्लग काढा, आणि जुना व्हॉल्व्हचा संच असेल तर माहीतगाराशिवाय हात घालू नका. प्लग काढल्यावरही त्यात जीवघेणा दाब साठून राहतो.

पहिली गोष्ट, बदलण्याची घाई नको. पॉट साफ करायचे फवारे मिळतात. पायांच्या फटीतून एक बारीक फुर्र करायचे आणि बटण तीस-चाळीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचे. पुष्कळदा एवढ्यावर भागते. जुन्या काळचे मेकॅनिक ह्या कामाला कार्बन टेट्राक्लोराइड वापरीत; ते यकृताला घातक आहे, कुठे जुनी बाटली सापडली तर तिच्या वाटेला जाऊ नका. साफ करूनही त्याच जागी आवाज तुटत असेल तर तिथला कर्ब गेला आहे, त्याला इलाज नाही.

दुसरे, दोष पॉटचाच आहे ना ते पाहा. तीच बेस दुसऱ्या ध्वनिवर्धकाला लावून बघावी. ध्वनिवर्धकातला एखादा कंडेन्सर गळका झाला आणि त्यातून सरळ वीज पॉटवर येऊ लागली, तर कोरा करकरीत पॉटसुद्धा खरखरतो. मग माणूस तीन पॉट बदलतो आणि दैवाला दोष देतो.

मोजताना एक पाय मोकळा करावा. नाहीतर चुंबकावरच्या वेढ्यांचा रोध मध्ये येतो आणि अडीच लाखांच्या जागी मीटर काही हजार दाखवते. मोकळ्या पॉटच्या बाहेरच्या दोन पायांत दोन ते तीन लाख ओम भरले तर ते ठीक. कर्बाच्या पॉटमध्ये शेकडा वीस इकडेतिकडे चालतेच. काट्याचे मीटर असेल तर मधल्या पायाशी लावून बटण हळूहळू फिरवा. जिथे काटा दचकतो, तिथे रोग.

नवा पॉट घेताना नुसता आकडा सांगून भागत नाही. आजच्या बहुतेक पॉटवर 'ए' म्हणजे कानाच्या हिशेबाची पट्टी आणि 'बी' म्हणजे सरळ हिशेबाची. आवाजाला 'बी' घातला तर सुरुवातीच्या थोड्या फिरवण्यातच सगळा आवाज चढून बसतो. रोध कमी घेतला तर सूर बोथट होतो, दुप्पट घेतला तर जास्त उघडा, चरचरीत लागतो. दांडा पाव इंचाचा आहे की सहा मिलिमीटरचा, भरीव आहे की दातेरी, हे बघितले नाही तर मूळचे बटण बसतच नाही, आणि मग लोक भोक मोठे करायला घेतात. लाकडात आणि पत्र्यात नवे भोक कधी पाडू नका. पॉट बदलता येतो, भोक परत भरता येत नाही.

तारा काढण्याआधी कागदावर चित्र काढावे, कोणती तार कोणत्या पायाला ते. बाहेरचे दोन पाय उलटसुलट झाले तर बटण उलटे चालते. जुन्या फेंडरमध्ये कापडी वेष्टणाच्या तारा असतात. त्यांचे वेष्टण बोटाने मागे ढकलले की सरकते, कापायचे कारण नाही. पॉटच्या टोपीवर अर्थच्या तारेचा डाख असतो, तिथे डाखणी दमदार हवी. नव्या टोपीवर आधी पॉलिशपेपर घासावा, चटकन ताप द्यावा आणि चटकन काढावा. कमजोर डाखणी धरून बसलात तर डाख धरत नाही आणि आतला कर्ब मात्र भाजून निघतो. जुन्या डाखात शिसे असते. खिडकी उघडी ठेवा, हात धुतल्याशिवाय भाकरीला लावू नका.

सगळे जोडून झाले, आवाज स्वच्छ लागला, की निम्मे काम झाले असे समजावे. उरलेले निम्मे पाच मिनिटांचे आहे. काढलेला पॉट फडक्याने पुसा, पण आकडे घासू नका. चिकटपट्टी वाद्यात असेल तर ती तिथेच राहू द्या. पडलीच असेल तर तीही जपून घ्या. एक साधे पाकीट घेऊन त्यात दोन्ही ठेवा. पाकिटावर शाईने लिहा: कोणते वाद्य, पॉट कोणत्या जागेचा, टोपीवरचे आकडे जसे दिसले तसे, का काढला, कोणत्या तारखेला काढला, जागी काय बसवले, आणि खाली आपले नाव. आणि ते पाकीट वाद्याच्या पेटीत, पट्टा ठेवायच्या कप्प्यात, तळाशी ठेवून द्या.